वाजव, असं कोण म्हणणार?

साशंक: सात वर्षांच्या मुलीच्या हातात वाद्य कशाला द्यायचं, हे मला आधी समजावून सांग. सिंगापुरात आंग मो किओतल्या कुठल्याही ब्लॉकच्या कॉरिडॉरमधून संध्याकाळी चालत गेलं, की एका दारामागे पियानो, दुसऱ्यामागे गुझेंग, तिसऱ्यामागे रेकॉर्डरवर तीच ओळ पुन्हा पुन्हा. इथे मूल सातव्या वर्षी पहिलीत जातं. नवव्या वर्षी, म्हणजे पी-थ्रीत, त्याला शाळेची सीसीए, म्हणजे अभ्यासाबाहेरचा उपक्रम, निवडायची असते: बँड, चिनी वाद्यवृंद, बॅडमिंटन, काय ते. त्या निवडीत मागे पडू नये म्हणून आईबाप पहिलीपासूनच क्लास लावतात. का, विचारलं तर पहिलं उत्तर ठरलेलं: संगीताने मेंदू तल्लख होतो. हे उत्तर आलं १९९३ सालच्या एका प्रयोगातून. कॅलिफोर्नियात कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, आणि घडी घातलेल्या कागदाला कात्री लावली तर तो उलगडल्यावर कसा दिसेल, अशा जातीची कोडी त्यांना थोडी बरी सुटली. पाव तासात तो परिणाम ओसरला. त्यात लहान मूल नव्हतं आणि वाद्यही कुणी वाजवलं नव्हतं. तरी त्यावर तान्ह्या बाळांसाठी सीड्या विकल्या गेल्या. पुढे २००४ मध्ये टोरोंटोत ग्लेन शेलेनबर्ग यांनी जास्त नेटका प्रयोग केला. सहा वर्षांची १४४ मुलं, चार गट: कीबोर्ड, गाणं, नाटक आणि काहीच नाही. वर्षअखेर सगळ्यांचाच बुद्ध्यांक वाढला, कारण सगळीच शाळेत जायला लागली होती. संगीताच्या मुलांचा सरासरी सातच्या आसपास, बाकीच्यांचा चारच्या थोडा वर. या तीन गुणांसाठी तू पोरीची संध्याकाळ देणार? शिवाय त्याच प्रयोगात चारचौघांत वागण्याबोलण्यात सुधारणा दिसली ती नाटकातल्या मुलांमध्ये. मग नाटकाचा क्लास लाव की.

हौशी: मेंदूचं कारण मी केव्हाच सोडलं, काका. त्यानंतरच्या काटेकोर अभ्यासांत ते तीन गुणही धड टिकले नाहीत. गणित सुधारायला संगीत शिकवायचं असेल तर सरळ गणितच शिकवावं, ते स्वस्त पडतं. माझं कारण लाजेचं आहे. आठ वर्षांचं मूल वाईट वाजवतं आणि खुशीत असतं. पाहुण्यांसमोर चुकीचा सूर लावून ते टाळ्यांसाठी थांबतं. चौदाव्या वर्षी तेच मूल स्वतःचा बेसूरपणा ऐकून दार लावून घेतं. कुठलंही वाद्य घ्या, पहिली दोन वर्षं ऐकणाऱ्याचे कान किटतील असंच वाजतं. ही दोन वर्षं कधीतरी भोगावीच लागतात, आणि आठ ते दहा या वयात ती भोगतोय हे मुलाच्या गावीही नसतं. माझ्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी तिशीत पेटी आणली, महिनाभर वाजवली आणि वर कापड टाकलं. बोटं चालत होती, पण स्वतःला ऐकवेना. दुसरं कारण कानाहातांचं. १९९५ मध्ये तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूची मोजणी झाली. डाव्या हाताच्या बोटांसाठी त्यांच्या मेंदूत इतरांपेक्षा जास्त जागा दिलेली दिसली, आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली होती त्यांच्यात हा फरक मोठा होता. तुम्ही म्हणाल, शेवटी मेंदूवरच आलीस. आले, पण हा मेंदू व्हायोलिन वाजवायला लागणारा आहे. परीक्षेत पहिलं येण्याशी त्याचा संबंध मी लावत नाही.

साशंक: लाजेचं कारण चांगलं आहे, ते बाजूला ठेवतो. आता शरीराकडे बघ. व्हायोलिनची लहान मापं एक-सोळांश आणि त्याहूनही खाली जातात. मूल वाढलं की माप बदला, म्हणजे पुन्हा खरेदी नाहीतर भाडं. पितळी वाद्यं फुंकायला पुढचे दात लागतात, आणि पहिली-दुसरीत नेमके तेच पडलेले असतात. ट्रॉम्बोनची नळी शेवटपर्यंत ढकलायला हात पुरत नाही. सतार मांडीवर घेतली की मागचं मूल दिसत नाही. डग्ग्यावर मनगट घासून घुमारा काढायचा तर पंजा आणि वजन दोन्ही लागतं. म्हणून आपल्याकडे आधी गळा, मग हात. तबल्यातसुद्धा आधी पढंत. बोल तोंडाने स्पष्ट म्हणता आले, हाताने टाळी धरून मात्रा सांभाळता आल्या, की मग शाईवर बोट. शिवकुमार शर्मांच्या हातात संतूर आलं तेराव्या वर्षी. हरिप्रसाद चौरसियांनी पंधराव्या वर्षी गाण्यापासून सुरुवात केली आणि बासरी त्याच्याही नंतर घेतली. हे फक्त आपलंच शहाणपण आहे असंही नाही. हंगेरीत झोल्तान कोदाईंच्या विचारांवर केचकेमेत गावी १९५० मध्ये प्राथमिक शाळा निघाली, तिथे मुलं रोज गायची. गळा फुकट असतो, त्याचं माप मुलाबरोबर वाढतं, आणि रात्री साडेदहानंतर गुणगुणलं म्हणून शेजारी तक्रार करत नाही. प्राथमिक शाळेने गाणं शिकवावं, वाद्य पुढच्या शाळेवर सोडावं.

हौशी: शिवकुमारांचं उदाहरण तुम्ही माझ्याच पदरात टाकलंत. संतूर तेराव्या वर्षी, पण गाणं आणि तबला पाचव्या वर्षापासून, तेही वडिलांकडून. तेराव्या वर्षी त्यांनी फक्त वाद्य बदललं. आणि गळा सगळ्यांना सारखा सोपा असतो, हे गाता येणाऱ्यांचं मत झालं. वर्गातल्या काही मुलांना स्वर नीट ऐकू येतो पण गळ्यातून तो निघत नाही. त्यांना पहिल्याच वर्षी कुणीतरी सांगतं, तू नुसते ओठ हलव. अशा मुलांना हातात काहीतरी हवं असतं. इथल्या शाळांनी त्यावर जे शोधलंय ते मला फार आवडतं. किती प्राथमिक शाळांत अंगक्लुंगचा चमू असतो, बघा. इंडोनेशियाचं वाद्य, २०१० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेलं. चौकटीत बांबूच्या नळ्या, हलवलं की एकच स्वर. एका मुलाकडे एक किंवा दोन स्वर, आणि चाल वाजवायला सगळा वर्ग लागतो. काशाच्या हातघंटांचंही तसंच. दात पडलेले असोत, पंजा लहान असो, कुणी मागे राहत नाही. स्वतःचा स्वर येईपर्यंत मात्रा मोजत थांबायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, आणि आपल्या वेळेला अचूक हलवायचं. हे थांबणं आपल्या पद्धतीत कुठे शिकवतात? आपल्याकडे गुरू आणि शिष्य समोरासमोर, बाकी जग बाहेर. आपली मुलं एकटी उत्तम वाजवतात आणि चौघांत बसली की प्रत्येकजण आपापल्या लयीत पुढे निघतो. आपल्या मराठी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात बघा.

साशंक: मंडळाच्या कार्यक्रमाबद्दल वाद नाही. पण तीन वर्षं पंचम हलवून मूल शाळेबाहेर पडलं की त्याच्याकडे काय उरतं? अंगक्लुंग शाळेच्या कपाटात राहतं. एक स्वर घरी घेऊन येऊन करणार काय? ज्याच्याकडे ‘प’ होता त्याला ‘सा’वाला भेटल्याशिवाय चालसुद्धा वाजवता येत नाही, आणि ‘सा’वाला गेला दुसऱ्या शाळेत. तू म्हणतेस सगळा वर्ग लागतो, हीच त्या वाद्याची गंमत. मी म्हणतो, त्याच कारणाने मुलाचं स्वतःचं वाद्य त्याला मिळतच नाही. वाद्य येणं म्हणजे काय याची माझी कसोटी साधी आहे: एकट्याने, न सांगता, कंटाळा आला म्हणून उचलून वाजवता यायला हवं. मला तबला येतो तो क्लासमुळे आला असं मी मानत नाही. क्लासमध्ये मी कायदे पाठ केले. तबला आला तो दुपारी टेबलावर, डब्याच्या झाकणावर, बसच्या दांड्यावर बोटं मारत बसल्याने.

हौशी: तुमच्या घरात टेबलावर ठेका धरलेला ओळखणारं माणूस होतं. ते नसतं तर त्याला आवाज म्हटलं असतं आणि बंद करायला सांगितलं असतं. सगळ्यांच्या घरी असं माणूस नसतं, आणि म्हणून मला शाळा हवी. बाहेरचा रस्ता कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. लंडनच्या एबीआरएसएम परीक्षामंडळाच्या ग्रेड, एकापासून आठपर्यंत. पाचवीची थिअरी, किंवा तिच्याऐवजी चालणारी दुसरी एखादी परीक्षा, पास झाल्याशिवाय सहावीला बसता येत नाही. दर आठवड्याची फी, वाद्याचे पैसे, परीक्षेचे पैसे. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आजीआजोबांसकट राहणाऱ्या घराने हे कुठून आणायचं? शाळेच्या बँडमध्ये वाद्य शाळेचं असतं.

आणि शाळेने पोरांना वाद्य शिकवलं तर काय होतं याचं उत्तर आपल्या शेजारीच आहे, गोव्यात. पोर्तुगीज काळात चर्चच्या जोडीला गावोगाव शाळा होत्या. तिथला मेस्त्री पोरांना आधी स्वरलेखन वाचून गायला शिकवायचा आणि मग हातात व्हायोलिन द्यायचा. ही पोरं कुणा संस्थानिकाची नव्हती. शेतावर राबणाऱ्यांची, खलाशांची होती. त्यांतूनच पुढे पोलिस बँडांचे, जहाजांवरचे, मुंबईच्या हॉटेलांतले वादक आले. हिंदी चित्रपटांचा वाद्यवृंद तर त्यांच्यावरच उभा होता, कारण कागदावरचा सूर बघताक्षणी वाजवणारी आणि दुसऱ्यासाठी कागदावर उतरवणारी माणसं तीच होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या, जन्म १९२७. वडील चर्चच्या गायकवृंदाचे मेस्त्री. मुंबईत प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात शिष्याने गुरूचं नाव अमिताभच्या तोंडी घातलं. गळा आधी की हात आधी, हे तुमचं भांडण त्या मेस्त्रीने कधीच मिटवलं होतं. दोन्ही एकाच शाळेत, दहा वर्षांच्या आत.

(गोवा आणि संगीत म्हटलं की मराठी माणूस थेट मंगेशी गाठतो. इथे दोघांपैकी कुणीही तिकडे गेलं नाही, याची मला गंमत वाटली. चर्चच्या शाळेतलं संगीत हा आपल्या लेखांत कायम तळटिपेत राहणारा विषय आहे.)

साशंक: गोव्याचं उदाहरण दिलंस ते फार बरं केलंस, कारण माझी खरी शंका तिथेच आहे, मलाही आत्ता ती नीट दिसली. मेस्त्रीच्या शाळेतल्या पोराला व्हायोलिन का आलं? लवकर शिकवलं म्हणून? शिकवलं तर अनेक ठिकाणी जातं. त्याला ते आलं कारण रविवारी चर्चमध्ये वाजवणारं कुणीतरी लागायचं. लग्नाला लागायचं, मिरवणुकीला लागायचं, दर वर्षी गावच्या फेस्ताला लागायचं. अकरा वर्षांचं पोर आलं नाही तर त्याची उणीव भासायची. पुढे मुंबईला शंभर माणसांचा वाद्यवृंद लागायचा, म्हणून मोठेपणीही हात थांबला नाही. सिंथेसायझर आला, ती गरज आटली, आणि मेस्त्रीचा रस्ताही बारीक झाला. आपल्याकडचं भजनी मंडळ बघ. सहा वर्षांचं पोर बापाच्या शेजारी बसतं, कुणीतरी त्याच्या हातात टाळ देतं. ऑडिशन नाही, ग्रेड नाही. चुकलं तर शेजारचा मांडीवर थाप मारून लय देतो. पुढच्या एकादशीला तो येणार हे गृहीत धरलेलं असतं. त्यातलाच एखादा पखवाजाकडे सरकतो. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून बाहेर पडलेल्या मृदंग्याची गावोगावचा सप्ताह वाट बघत असतो.

ऑस्ट्रेलियात गॅरी मॅकफर्सन यांनी वाद्य शिकायला लागणाऱ्या १५७ मुलांचा माग ठेवला. सात ते नऊ वर्षांची. पहिल्या धड्याच्याही आधी विचारलं, हे वाद्य तू किती दिवस वाजवणार? काही म्हणाली वर्षभर, काही म्हणाली शाळा संपेपर्यंत, काही म्हणाली कायम. पुढे तेवढाच रियाज करूनही ‘कायम’वाली मुलं बाकीच्यांच्या कितीतरी पुढे गेली. सात वर्षांचं मूल ‘कायम’ हा शब्द आणतं कुठून? मला वाटतं, घरात किंवा गावात कायम वाजवणारं कुणीतरी त्याने पाहिलेलं असतं. आता सांग, आंग मो किओतल्या पोरीला वाजव असं कोण म्हणणार? शिक्षक म्हणतील, कारण स्पर्धा आहे. सिंगापूर युथ फेस्टिव्हल १९६७ पासून चालू आहे. शाळेचा चमू वर्षाआड तिथे जातो आणि त्यासाठी महिनेच्या महिने मोजक्याच रचना घोटतो. २०१३ पासून सोनं-रूपं-कांस्य जाऊन विशेष प्रावीण्य वगैरे प्रमाणपत्रं आली, एकमेकांना हरवणं कमी व्हावं म्हणून. चांगलं केलं. पण त्या मंचाला त्या मुलीच्या सुराची गरज नसते. मुलीलाच त्या मंचाची गरज असते.

हौशी: तुमचा प्रश्न मला बोचतोय, पण उत्तर अजिबात नाही असं समजू नका. तुम्ही या गावात इतकी वर्षं राहता आणि व्हॉइड डेककडे बघत नाही. ब्लॉकच्या खालच्या त्या मोकळ्या जागेत मलय लग्न असलं की कोम्पांग वाजवणारी पोरं येतात. डफासारखं वाद्य, एकाच्या ठेक्यात दुसऱ्याचा ठेका विणलेला. त्यातली निम्मी शाळकरी असतात. चिनी नववर्षात सिंहनृत्याचे चमू दारोदार फिरतात, ढोलावर कोण असतं? चौदा-पंधरा वर्षांचे मुलगे. सातव्या चांद्रमासात मैदानात गेताईचा, म्हणजे गाण्याबजावण्याचा, मंच लागतो, पहिली रांग भुतांसाठी मोकळी ठेवून. म्हणजे तुम्ही म्हणता ती गरज इथेही आहे, वाजव म्हणणारे लोक आहेत. फक्त ते प्रत्येकाचे आपापले आहेत. मलय पोराला लग्न आहे, चिनी पोराला सिंह आहे. आपल्या पोरीला काय आहे? भाषेचं बघा. शाळेत तिची मातृभाषा म्हणून हिंदी घ्यावी लागते, कारण तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू चालतात, मराठी त्यात नाही. आणि गणपतीत आरतीला टाळ आपण हातात घेतो, पण पेटी-तबला कुणाच्या तरी मोबाईलमधून ब्लूटूथ स्पीकरवर येतो. तिथे वाजवायला जागा होती. ती आपण मोबाईलला दिली.

आणि याच्याही पुढचं सांगते. माझ्या मुलीने शाळेत एर्हू हे चिनी तंतुवाद्य घेतलं तर ती अशा एका आवाजाच्या घरात जाईल जिथे मी तिला कधीच नेऊ शकले नसते. तुमचं भजनी मंडळ सुंदर आहे, पण त्यात टाळ कुणाच्या हाती दिला जातो? आपल्याच पोराच्या. गोव्याच्या मेस्त्रीकडेसुद्धा चर्चबाहेरचं पोर कधी गेलं? वाद्यापर्यंत जाताना जातधर्म न विचारणारी जागा शाळाच आहे. मला ती हवी.

साशंक: हे मान्य करावं लागेल. टाळ कुणाच्या हाती जातो, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. मुलींच्या हाती पखवाज किती गेला, हाही त्याच्याच जोडीला ठेव. पण तू म्हणतेस ती खुली शाळा दारात पाहिजे तेवढी खुली नाही. गाजलेल्या वाद्यवृंदांना निवड चाचणी असते, आणि आठव्या वर्षी कुणाच्या हाताला वळण असतं? ज्याचा क्लास आधी लागलाय त्याच्या. म्हणजे गरिबासाठी उघडलेल्या दारातून पुन्हा क्लासवालाच आत. आणि वाजव म्हणणारा एक मोठा आवाज तू मुद्दाम विसरतेस. डीएसए. २००४ पासून माध्यमिक शाळा सहावीअखेरच्या पीएसएलई परीक्षेच्या निकालाआधीच खेळ, कला, संगीत बघून काही मुलं घेतात. २०१८ पासून तर कुठल्याही माध्यमिक शाळेला पाचव्या हिश्शापर्यंत जागा अशा भरता येतात. इतक्या बारक्या वयात इतकी वाद्यं का वाजतात याचं अर्धं उत्तर इथे आहे. आपल्याकडे तरी वेगळं काय? महाराष्ट्रात दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, आणि नववीत तबल्याच्या क्लासला अचानक गर्दी होते. निकाल लागला की तबल्याची जोडी माळ्यावर. मागणी आहे, पण कागदाची आहे. सूर त्या कागदाबरोबर येतो आणि त्याच्याबरोबरच जातो.

हौशी: कागदाला इतकं हिणवू नका. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते कशासाठी? गाणंबजावणं म्हणजे वाईट संगत, असं मानणाऱ्या घरांना वर्ग, पुस्तक, वेळापत्रक दाखवलं. १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ झालं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. हा कागद होता म्हणून तुमच्या-माझ्या आज्यांना पेटीला हात लावू दिला. ‘परीक्षा देतेय’ म्हटलं की सासरसुद्धा गप्प बसायचं. विशारद झालेल्या सगळ्या गवई झाल्या नाहीत, खरंय. पण घरात कानसेन तयार झाले, आणि पुढच्या पिढीतलं कुणीतरी टेबलावर ठेका धरायला लागलं तेव्हा तो ठेका आहे हे ओळखणारं माणूस घरात होतं. काका, ते तुमचंच घर. डीएसएसाठी वाजवणाऱ्या दहा पोरांतली नऊ सोडतील असं धरा. दहावं पोर त्या कागदाशिवाय वाद्यापर्यंत पोचलंच नसतं.

(इथे माझं माप हौशीकडे झुकतं. परीक्षेने संगीत मारलं असं म्हणणारे बहुतेक जण स्वतः परीक्षेच्याच दारातून आत आलेले असतात, मीही. पण तिने नऊ पोरांचा हिशेब फार झटपट उरकला, हेही खरं.)

साशंक: त्या नऊ जणांचं काय, तेवढं विचारतो आणि थांबतो. त्यांना तू लाजेविना शिकायची दोन वर्षं दिलीस, मान्य. पण ती सोडतात तेव्हा काय घेऊन जातात? ‘मला संगीत येत नाही’ हा पक्का समज. जो कधी शिकलाच नाही तो निदान म्हणतो, मी प्रयत्न केला नाही. शिकून सोडलेला म्हणतो, प्रयत्न केला, जमलं नाही. आणि त्यातल्या कित्येकांनी स्वतः सोडलेलं नसतं. हीच तर गंमत आहे इथली. सातव्या वर्षी जे आईबाप चिकाटी यावी म्हणून वाद्य हातात देतात, तेच अकराव्या वर्षी पीएसएलई आली म्हणून काढून घेतात. कष्टाची दोन वर्षं संपून हात नुकता मोकळा होत असतो, सूर पहिल्यांदा कानाला बरा लागत असतो, आणि नेमकी तेव्हा पी-सिक्स येते. तू सुरुवातीचं वय घेऊन बसलीस, आणि मीही तुझ्या नादाने त्यावरच बोलत राहिलो. शिनिची सुझुकींनी जपानात तीन-चार वर्षांच्या पोरांना व्हायोलिन दिलं, पण आधी आईला शिकायला लावलं. मुलाने आईला वाजवताना बघायचं, मग त्याला ते हवंसं वाटणार. तू शिकशील एर्हू? आरतीला स्पीकर बंद करून पेटीवर तू बसशील, चुकत, सगळ्यांसमोर? लाज आपल्याला आहे म्हणून मुलांना लवकर शिकवायचं, हा उपाय मला पळवाट वाटतो.

हौशी: पळवाट असेल. पेटीवर बसायचं मी मनावर घेते, कारण तिथे निदान माझी चूक झाकायला पंधरा माणसं टाळ वाजवत असतात. एर्हूचं वचन देत नाही. पण माझी शाळा मी सोडत नाही. मी तिच्याशेजारी बसले म्हणून पुरणार नाही. तिच्या वर्गातल्या ज्या मुलीची आई रात्रपाळीला जाते, तिच्याशेजारी कोण बसणार? तिथे शिक्षकच लागतो, आणि तो तिसरीतच लागतो. तुमचं म्हणणं मी इतकंच ऐकलं, की शाळेने वाद्य देताना पुढच्या मागणीचीही सोय करावी. स्पर्धेच्या मंचाऐवजी सकाळचं राष्ट्रगीत रोज मुलांनीच वाजवावं, कम्युनिटी क्लबच्या म्हाताऱ्यांच्या जेवणाला महिन्यातून एकदा अंगक्लुंगवाल्यांना बोलवावं, चुकत वाजवलं तरी चालेल असं सांगून. यातलं काही काही शाळा करतातही. ते वाढवायला पैसा लागत नाही.

साशंक: वेळ लागतो. तो या गावात पैशापेक्षा महाग आहे. बरं, एक शेवटचं. समज, तुझं सगळं तुझ्या मनासारखं झालं. पोरीने पी-थ्रीत एर्हू घेतलं, तिला ते लागलं, आणि पी-सिक्सला तीच म्हणाली, आई, एर्हू ठेवते, गणिताची ट्यूशन बंद कर. डीएसए नको, प्रमाणपत्र नको, नुसतं वाजवायचंय. काय करशील?

हौशी: सोडायचं म्हणाली तर काय करायचं, याची उत्तरं माझ्याकडे तयार होती. हे कधी मनातच आलं नव्हतं. आत्ता विचारलंत तर खरं सांगते, मी बहुधा ट्यूशन ठेवीन आणि तिला सांगेन की एर्हू निकालानंतर. मग हेही मला मान्य करावं लागेल, की एवढा वेळ मी ज्या आईबापांविरुद्ध शाळेची बाजू लढवतेय त्यांत मीही आहे.

साशंक: मीही ट्यूशनच ठेवली असती. मुलाच्या वेळी ठेवली होती.